भ्याड, भीड आणि वेसारज्ज : भित्रेपणाच्या शब्दांचा इतिहास

कोणत्याही समाजाने भित्रेपणाला कोणती नावे दिली, यावरून त्या समाजात भय कोणाचे मानले जात होते आणि ते कोणाच्या माथी मारले जात होते, याचा बराच उलगडा होतो. 'भ्याड' हा शब्द आपण रोज वाचतो. एखाद्या वस्तीवर रात्री हल्ला झाला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात 'भ्याड हल्ला' हे शब्द हमखास असतात. पण भ्याड म्हणजे नेमके काय, हा शब्द कोठून आला, त्याच्या आजूबाजूला कोणत्या म्हणी जमल्या आणि पालि वाङ्मयात या अवस्थेला कोणते नाव आहे, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. तो करण्याचा प्रयत्न आम्ही येथे करीत आहोत. हा विषय केवळ शब्दकोशाचा नाही. ज्यांना शतकानुशतके भित्रे ठरविले गेले आणि भितेही ठेवले गेले, त्या समाजाच्या इतिहासाचा तो एक भाग आहे.

'भी' धातूचे कुळ

मराठीतील भय, भीती, भिणे, भित्रा, भ्याड, भीषण, भयाण हे सर्व शब्द 'भी' या एकाच धातूच्या कुळातले आहेत. पालित याच धातूपासून 'भायति' हे क्रियापद, 'भय' हे नाम आणि 'भीरु' हे विशेषण येते. भित्र्या माणसाला पालित 'भीरु' असेच म्हणतात. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. तिच्या आधीपासून 'भ्याड' हा शब्द बोलीत रूढ होता, आणि त्याचा आजचा अर्थ त्या काळाहून वेगळा नाही. शेवटचा 'ड' हा प्राकृत-अपभ्रंशातून मराठीला मिळालेला प्रत्यय असावा. 'बापुडा' या शब्दात तो दिसतो. तेथे त्यात कीव आहे, 'भ्याड' मध्ये तुच्छता आहे.

आमच्या वऱ्हाडात या कुळाचा एक जुना वंशज अजून नांदतो आहे. शेगाव, नांदुरा, संग्रामपूर या भागात माणसे 'भीती वाटते' असे सहसा म्हणत नाहीत, 'भेव लागते' असे म्हणतात. प्रमाण मराठीने संस्कृत 'भीती' जवळ केली. शेतात आणि बाजारात मात्र 'भेव' राहिले, आणि ते पालि-प्राकृत 'भय' च्या अधिक जवळचे आहे. शेगावपासून फार दूर नसलेल्या, संग्रामपूर तालुक्यातील पूर्णाकाठच्या भोन या गावी पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयाने या शतकाच्या आरंभी उत्खनन केले, तेव्हा विटांचा एक प्राचीन स्तूप उजेडात आला. अभ्यासकांनी त्याचा काळ मौर्य काळापर्यंत मागे नेला आहे. म्हणजे पूर्णेच्या या खोऱ्यात दोन हजार वर्षांपूर्वी बुद्धशासन पोहोचलेले होते. आमच्या आजीच्या तोंडचा 'भेव' हा अशुद्ध शब्द नसून त्याच मातीतील प्राकृताचा शेष आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

या कुळाबाहेरचेही काही शब्द आहेत. हिंदीच्या संगतीने आपल्याकडे 'कायर' ऐकू येतो. तो संस्कृत 'कातर' पासून झाला. 'माता' ची जशी 'माय' झाली, त्याच रीतीने मधला 'त' गळून 'कायर' झाला. मराठीत मूळ 'कातर' ही राहिला, पण 'कातरवेळ' आणि 'कातर स्वर' यांत तो हळवा झाला, त्यातील निंदा गेली. 'त्रास' या शब्दाचा प्रवासही लक्षात घेण्यासारखा आहे. संस्कृतात 'त्रास' म्हणजे भय, आणि पालित 'तास', 'सन्तास' म्हणजे भयाचा थरकाप. मराठीत 'त्रास' म्हणजे केवळ पीडा. पीडा देणारा आणि भय घालणारा बहुधा एकच असतो, हे भाषेने येथे आपल्या परीने नोंदवून ठेवले आहे.

वऱ्हाडावर १८५३ पर्यंत निजामाचा प्रत्यक्ष अंमल होता. त्यामुळे फारसी आणि दखनी शब्द येथे खोलवर रुजले. 'नामर्द' आणि 'बुजदिल' हे त्यांपैकीच. 'बुज' म्हणजे शेळी किंवा बोकड, 'दिल' म्हणजे हृदय. बुजदिल म्हणजे शेळीच्या काळजाचा. मराठीतही भित्र्या माणसाला शेळी म्हणतात. बळी शेळ्यामेंढ्यांचा दिला जातो, सिंहाचा नव्हे, ही आठवण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बांधवांना करून दिली, तेव्हा या जुन्या प्रतिमेचा त्यांनी उलटा उपयोग केला. शेळी होणे हे नशीब नाही, असा त्यातील बोध होता.

म्हणी काय सांगतात

आता भित्रेपणाभोवती जमलेले वाक्प्रचार पाहू. शेपूट घालणे, पाठ दाखविणे, पळ काढणे, काढता पाय घेणे, कच खाणे, हातपाय गळणे, तोंडचे पाणी पळणे, मूग गिळून बसणे. यांतील पहिले काही रणांगणावरून आले, काही शरीराच्या अवस्थेवरून. शेवटचा मात्र सभेतला आहे. बोलण्याची वेळ असता न बोलणे म्हणजे मूग गिळणे.

'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. जो भितो त्याच्याच मागे भूत लागते, असा तिचा व्यवहारातील अर्थ. यातील ब्रह्मराक्षस हा लोकसमजुतीप्रमाणे मेल्यावर पिंपळावर राहिलेला ब्राह्मण. म्हणजे मराठी माणसाच्या कल्पनेतील सर्वांत भयंकर भूतसुद्धा वर्णव्यवस्थेच्या वरच्या पायरीवरचे आहे. ही म्हण ज्याने केली त्याला यातील मार्मिकता जाणवली होती की नाही, कोण जाणे. आपल्याला मात्र ती जाणवल्याशिवाय राहत नाही.

दुसरा गट स्त्रियांवर बेतलेला आहे. 'बांगड्या भर' हे टोमण्याचे वाक्य आणि 'भागूबाई' हा शब्द, दोन्हींत भित्र्या पुरुषाला स्त्री ठरवून हिणविले जाते. संस्कृत काव्यात तर 'भीरु' हे स्त्रीचे लाडिक संबोधन आहे, भित्रेपणा हा तिचा दागिना मानला आहे. संयुक्तनिकायातील भिक्खुनीसंयुत्त याच्या अगदी उलट चित्र रंगविते. आळविका, सोमा, विजया, उप्पलवण्णा, वजिरा अशा दहा भिक्खुनी एकट्या वनात बसलेल्या असतात. त्यांच्या मनात भय, छम्भितत्त म्हणजे थरकाप, आणि लोमहंस म्हणजे रोमांच उत्पन्न करावा, या हेतूने मार येतो. प्रत्येक भिक्खुनी त्याला ओळखते, उत्तर देते आणि मार हिरमुसला होऊन नाहीसा होतो. दहापैकी एकही घाबरत नाही. हे सुत्त ज्यांच्या परंपरेत आहे, त्यांनी आपल्या मुलांना 'बांगड्या भर' म्हणावे, हे शोभत नाही. आपल्या वस्त्यांतही हा टोमणा अजून ऐकू येतो, म्हणून मुद्दाम लिहितो.

'पळपुटा' या शब्दाला महाराष्ट्रात एक कायमचे नाव जोडले गेले आहे, ते दुसऱ्या बाजीरावाचे. १ जानेवारी १८१८ रोजी भीमेच्या काठी कोरेगाव येथे कंपनीच्या ज्या छोट्या तुकडीने पेशव्याच्या मोठ्या सैन्याला दिवसभर थोपविले, तिच्यात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. तेथील स्तंभावर 'नाक' ने संपणारी त्यांची नावे आजही वाचता येतात. बाजीराव पुढे महिनोन्महिने पळत राहिला आणि त्याच वर्षी जून महिन्यात माल्कमच्या स्वाधीन झाला. ज्यांच्या स्पर्शाने विटाळ होतो असे मानले जाई ते उभे राहिले, आणि धर्मशास्त्राचा रक्षक म्हणविणारा पळाला. तरीही त्याच शतकाच्या अखेरीस, १८९० च्या दशकात, 'लढाऊ जाती' च्या सिद्धान्ताचा आधार घेऊन महारांची सैन्यभरती बंद करण्यात आली. गोपाळबाबा वलंगकरांनी आणि नंतर शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्ज-विनंत्या केल्या. पहिल्या महायुद्धात गरज पडताच १९१७ साली महारांची पलटण उभारली, युद्ध संपल्यावर ती मोडली, आणि १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. तीच माणसे, तीच घराणी. सरकारी कागदावर मात्र कधी लढाऊ आणि कधी लढण्यास नालायक. शौर्य आणि भित्रेपणा जन्माने ठरत नाहीत, याला याहून ठळक पुरावा कोणता हवा? १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले, ते आपल्या लोकांना हीच गोष्ट दाखविण्यासाठी, असे आम्हांस वाटते.

सारज्ज आणि वेसारज्ज

येथवर आपण मराठीतील शब्द पाहिले. त्यांतील बहुतेक शब्द माणसावर शिक्का मारतात. अमुक भ्याड आहे, तमुक भेकड आहे. तो का भितो, हा प्रश्न ते विचारीत नाहीत. पालि वाङ्मयात या अवस्थेसाठी जो सर्वांत महत्त्वाचा शब्द आहे, तो मात्र हा प्रश्न विचारतो. तो शब्द म्हणजे 'सारज्ज'.

सारज्ज म्हणजे चारचौघांपुढे, परिषदेपुढे वाटणारी भीती, मनाचा आखडलेपणा. त्याच्या विरुद्ध अवस्था 'वेसारज्ज', आणि ती ज्याला लाभली तो 'विसारद'. संस्कृतात 'विशारद' चा अर्थ पुढे निपुण, पंडित असा स्थिरावला. मराठीत तर ती संगीताची पदवी झाली. पालित विसारद म्हणजे ज्याची मान कोणत्याही सभेत खाली जात नाही, असा मनुष्य. मज्झिमनिकायातील महासीहनाद सुत्तात तथागतांची चार वेसारज्जे सांगितली आहेत; त्यांच्या बळावर तथागत परिषदांमध्ये सिंहनाद करतात असे म्हटले आहे. शेळीच्या काळजाला पालि परंपरेने दिलेले उत्तर हे.

मराठीत याला जवळचा शब्द आहे, तो 'भ्याड' नसून 'भीड'. भीड म्हणजे मोठ्या माणसापुढे, चारचौघांपुढे वाटणारा संकोच. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण सांगते की जो भिडेस्तव गप्प बसतो त्याच्या हातात शेवटी भिकेचे ताट येते. आणि 'निर्भीड' म्हणजे जवळजवळ विसारद. आमच्या मते सारज्जाचे भाषांतर 'भय' असे न करता 'भीड' असे करणे अधिक योग्य होईल.

महापरिनिब्बान सुत्तात पाटलिगाम येथील उपासकांना तथागतांनी शीलाचे आणि शीलभ्रष्टतेचे परिणाम सांगितले आहेत. शीलभ्रष्ट मनुष्य क्षत्रियांच्या, ब्राह्मणांच्या, गृहपतींच्या किंवा श्रमणांच्या, ज्या ज्या परिषदेत जातो तेथे दबकून, मान खाली घालून जातो. शीलवान मनुष्य त्याच चारही परिषदांत विसारद होऊन जातो. येथे चार परिषदांची यादी नीट पाहिली पाहिजे. कोणत्या जातीत जन्मलेला मनुष्य सभेत ताठ मानेने जाईल, असे तथागत सांगत नाहीत. ते शीलाचा निकष लावतात. अंगुत्तरनिकायाच्या पञ्चकनिपातात तर पाणातिपातापासून सुरापानापर्यंत पाच गोष्टी करणारा उपासक सारज्जात पडतो आणि त्यांपासून विरत राहणारा विसारद होऊन घरात राहतो, असे स्पष्ट सांगितले आहे. त्याच निपातात अन्यत्र श्रद्धा, शील, बहुश्रुतता, वीर्य आणि प्रज्ञा ही वेसारज्ज उत्पन्न करणारी पाच साधने दिली आहेत. म्हणजे भित्रेपणाला कारणे आहेत आणि ती दूर करता येतात. प्रतीत्यसमुत्पादाचा नियम येथेही लागू आहे.

आता आपल्या गावच्या चावडीची आठवण करावी. महाराने चावडीच्या पायरीखाली उभे राहावे, 'जोहार मायबाप' म्हणावे, विचारल्याशिवाय बोलू नये. ही व्यवस्था म्हणजे सारज्ज निर्माण करण्याचा कारखाना होता. ज्याला एकाही परिषदेत प्रवेश नाही, त्याच्यात सभाधीटपणा कोठून येणार? आणि मग त्याच माणसाला भित्रा म्हणायचे. शील त्याच्याजवळ असू शकत होते, बहुश्रुतता मात्र त्याला धर्माज्ञेने नाकारलेली होती. पाच साधनांपैकी एक समूळ तोडले की इतर चार लंगडी होतात. बाबासाहेबांनी 'शिका' हा शब्द सर्वांत आधी का ठेवला, याचे उत्तर पालि सुत्तांत असे सापडते.

जोहाराची जागा पुढे 'जय भीम' ने घेतली. हा अभिवादनाचा शब्द रूढ करण्याचे श्रेय कामठीचे बाबू हरदास यांना दिले जाते. 'भीम' हा शब्दही 'भी' धातूपासूनच झाला आहे. ज्याच्यापासून भय उत्पन्न होते तो भीम, अशी व्याकरणकारांची व्युत्पत्ती आहे. ज्या धातूपासून आपल्याला भित्रे म्हटले गेले, त्याच धातूचा शब्द उच्चारून लाखो माणसे एकमेकांना भेटू लागली आणि मान वर करून बोलू लागली. व्युत्पत्तीच्या इतिहासात असा योग क्वचितच येतो.

माघार आणि भ्याडपणा

न लढणारा किंवा मागे फिरणारा प्रत्येक मनुष्य भ्याड असतो का? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची जी मांडणी केली, तिचा गाभा हाच प्रश्न आहे. रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात युद्ध पेटणार होते. सिद्धार्थाने शाक्यांच्या संघसभेत उभे राहून युद्धाला विरोध केला. बहुमत विरुद्ध गेले तरी त्याने मत बदलले नाही, आणि परिणाम म्हणून परिव्रज्या पत्करली. रणात जाण्यापेक्षा सभेत एकटे उभे राहणे अवघड होते. ते सारज्ज नव्हते, वेसारज्ज होते.

महाडलाही हेच घडले. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यात आले. डिसेंबरात सत्याग्रह परिषद भरली तेव्हा न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आलेला होता. जमलेल्यांचा उत्साह तळ्यावर जाण्याचा होता. बाबासाहेबांनी सत्याग्रह स्थगित करण्याचा सल्ला दिला, आणि लोकांनी तळ्याभोवती मिरवणूक काढून शिस्तीने माघार घेतली. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. विचाराने घेतलेली माघार आणि पळ यांत हे अंतर आहे.

अंगुत्तरनिकायातील योधाजीव सुत्तात पाच प्रकारचे योद्धे सांगितले आहेत. पहिला रणातील धुळीचा लोट पाहूनच खचतो. दुसरा धूळ सहन करतो, पण शत्रूच्या ध्वजाचे टोक दिसताच खचतो. तिसरा ध्वजही सहन करतो, पण कोलाहल ऐकून खचतो. चौथा रणात उतरतो आणि घायाळ होतो. पाचवा जिंकतो. भिक्खूंना उद्देशून हा दृष्टान्त आहे. गावकीतील दडपणाचा अनुभव ज्याने घेतला आहे, त्याला हे पाचही योद्धे ओळखीचे वाटतील. बहुतेक वेळा आपण धुळीलाच भितो. शत्रू अजून दूर असतो. आणि चौथा, जो घायाळ झाला, तो भित्र्यांच्या यादीत नाही, हेही पाहण्यासारखे आहे.

भय सहन कसे करावे, याचे उत्तर भयभेरव सुत्तात मिळते. बोधिप्राप्तीपूर्वी बोधिसत्त्व चतुर्दशी, पौर्णिमा-अमावास्या आणि अष्टमीच्या रात्री मुद्दाम अशा वनचैत्यांत आणि वृक्षचैत्यांत राहिले, जेथे अंगावर काटा येई. हरिण जवळून जाई, मोर काटकी पाडी, वारा पाचोळा हलवी. ज्या अवस्थेत भय आले त्याच अवस्थेत त्याला जिंकायचे, असा त्यांचा निश्चय होता. चालताना आले तर चालतच, उभे असताना आले तर उभ्यानेच. भित्यापाठी लागणाऱ्या ब्रह्मराक्षसावरचा हा उपाय आहे. थांबून पाहिले की मोर आणि पाचोळाच निघतो.

भय घालणाऱ्याचे काय?

सर्व भय टाकाऊ आहे, असे धम्म सांगत नाही. पापाची भीती, म्हणजे 'ओत्तप्प', ही 'हिरी' सह जगाचे रक्षण करणारी आहे. जेथे भिण्याचे कारण नाही तेथे भिणे आणि जेथे भ्यावे तेथे न भिणे, या दोन्ही चुका धम्मपदाच्या निरयवग्गात एकत्र ठेवल्या आहेत. सिगालोवाद सुत्तात अगतिगमनाची चार कारणे आहेत : छन्द, दोस, मोह आणि भय. भयापोटी चुकीचा निवाडा देणारा अधिकारी, बलिष्ठांना दुखवू नये म्हणून साक्ष फिरविणारा साक्षीदार, हे भयागतीला गेलेले लोक आहेत. भित्रेपणा दुबळ्यांमध्येच असतो, हा समज येथे कोसळतो. अंधारात, जमावाने, एकट्यादुकट्या घरावर चालून जाणारा हल्लेखोर भ्याड का म्हणावा, हेही यावरून कळते. समोरच्याची ताठ झालेली मान त्याला भिववीत असते.

अशा माणसांपुढे कसे उभे राहावे, हे पुण्णाने दाखविले. सुनापरान्ताचे लोक उग्र आणि कठोर होते. ते शिव्या देतील, मारतील, ठार करतील तर काय करशील, असे तथागतांनी एकेक पायरी चढवीत विचारले. पुण्णाने प्रत्येक वेळी शांतपणे उत्तर दिले आणि तो तेथे गेला. परंपरा या प्रदेशाचा संबंध आपल्या कोकणकिनाऱ्याशी, सोपाऱ्याशी जोडते. महाराष्ट्रातील बुद्धशासनाची ही आठवण एका निर्भय माणसाची आहे.

अंगुत्तरनिकायाच्या अट्ठकनिपातात पंचशीलाला महादान म्हटले आहे. प्राणिहिंसेपासून विरत होणारा उपासक असंख्य प्राण्यांना अभय देतो आणि स्वतःही अभयाचा वाटेकरी होतो. आपण विहारात रोज पंचशील घेतो. ते घेताना स्वतःच्या मनातील भीड गेली का, हा एक प्रश्न विचारावा. आपल्या घरातील स्त्रीला, मुलाला, शेजाऱ्याला आपले भेव लागते का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर समाधानकारक येऊनही दुसऱ्याचे येत नसेल, तर आपण चावडीच्या पायरीखालून वर आलो आणि वरच्या पायरीवर तेच काम करू लागलो, एवढेच घडले असे होईल. विसारद होणे याचा अर्थ आपल्यापुढे दुसऱ्यालाही विसारद राहता येणे. 'भ्याड' हा शब्द कोणावर फेकण्यापूर्वी त्याच्या भयाची कारणे शोधावीत, आणि त्यांत आपण एक कारण असू तर ते प्रथम दूर करावे.